अक्कांची गुरुवारची मालिका

लातूरला त्या काळी खोली शोधणं हीच एक वेगळी प्रवेशपरीक्षा होती. आमच्या मुखेडसारख्या गावांतून, देगलूर-उदगीरकडून, पार बीड-परभणीकडून मुलंमुली पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन एस.टी.तून उतरायची. भूकंप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहरातल्या कितीतरी भिंतींना अजून भेगा होत्या आणि त्याच भिंतींवर क्लासच्या जाहिराती चिकटवलेल्या असायच्या. घरमालक दहावीचे मार्क विचारायचे, आडवळणाने जात विचारायचे, मटण खाता का ते तर विचारायचेच. अक्कांनी यातलं काही विचारलं नाही. माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "त्या दोन जुळ्या बहिणींची मालिका लागायची टीव्हीवर. बघितलीस का कधी?"

माझे वडील शाळेत गुरुजी. त्यांना वाटलं, मुलगी टीव्ही बघत बसते का हे काढून घ्यायचा हा डाव आहे. त्यांनी घाईघाईने सांगितलं की आमच्या घरी टीव्हीच नाही. ते खरंही होतं. पण शेजारच्या कंपाउंडरकाकांकडे मी त्या मालिकेचा एक भाग बघितला होता, दातांच्या डॉक्टरचा. एका बहिणीचा दात दुखत असतो, पण तिला डॉक्टरची भीती वाटते. दुसरी तिचा निरोप सांगायला म्हणून दवाखान्यात जाते. डॉक्टरला दोघींतला फरक कळत नाही आणि तो हिला खुर्चीत बसवून हिचाच चांगला दात उपटतो. मी हे भीतभीत सांगितलं. अक्का उठल्याच. आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "तंगी, ए तंगी, बाहेर ये. हिनं बघितलीया."

पैशाची तंगी सोडून दुसरी कुठली तंगी मला माहीत नव्हती. अक्कांचं माहेर उदगीरच्या सीमेकडचं, आणि तिकडच्या घरांत कानडीतून धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र दारातून जी बाई बाहेर आली ती बघून मी वडिलांच्या मागे सरकले. समोर उभ्या होत्या त्याच अक्का पुन्हा आतून बाहेर आल्या होत्या. तेच कपाळ, तशीच विभूती, तसंच हिरव्या काठाचं लुगडं. फक्त ही बाई डावा पाय ओढत चालत होती आणि काही बोलत नव्हती. ती माझ्याकडे बघून थोडीशी हसली. अक्कांनी ते हसू बघितलं आणि वडिलांना म्हणाल्या, "गुरुजी, पोरीची पेटी आत घ्या."

अशी मला खोली मिळाली.

आम्ही सहा-सात मुली तिथे राहत होतो. धाकट्या बहिणीला आम्ही तंगीमावशी म्हणायचो. अक्कांचे यजमान भांड्यांचे व्यापारी होते. ते वारल्यावर दुकान दिराकडे गेलं आणि अक्कांकडे हे घर राहिलं. मूलबाळ नव्हतं. त्यांनी माडीवरच्या आणि मागच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या होत्या. जेवण त्याच करायच्या. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वरण, आणि रविवारी सकाळी सुशीला. आमच्या मुखेडकडे त्याला नुसतं चुरमुऱ्यांचे पोहे म्हणायचे. अक्कांना ते ऐकवत नसे.

त्यांच्या घराचे कायदे जगात दुसरीकडे कुठे नसतील. आतून कडी लावायची नाही. कपडे बदलायचे असतील तर बाहेर मैत्रिणीला उभं करा, पण कडी लावायची नाही. दुसरा कायदा, डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही. खोल्यांमधल्या फळ्या रिकाम्या असायच्या आणि आमची जाडजूड गाईडं खाली फरशीवर रचलेली. माझं सेंद्रिय रसायनशास्त्र उंदरांनी निम्मं खाल्लं होतं. एकदा आमच्यातली एक मुलगी वैतागून म्हणाली की अक्का, पुस्तक पडून कुणी मरत नाही. अक्कांनी ते गाईड हातात घेऊन वजन बघितलं आणि म्हणाल्या, "दगडानं मरतं. हे काय दगडाहून हलकं हाय का तुझं?"

भूकंपाबद्दल त्या घरात बोलायचं नाही, हा तिसरा कायदा होता. तो अक्कांनी तंगीमावशी देवळात गेल्या असताना आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवला होता. तंगीमावशी किल्लारीच्या बाजूच्या एका गावात दिलेल्या. तिथे त्यांचा नवरा गेला आणि मुलगी गेली. त्या स्वतः बऱ्याच वेळाने दगडमातीखालून निघाल्या. इतकंच. याहून जास्त विचारायचं नाही आणि त्यांच्यासमोर तर तोंडसुद्धा उघडायचं नाही.

अक्का सगळं जोडीने आणायच्या. लुगडी दोन, चपला दोन, छत्र्या दोन, एकाच रंगाच्या. पन्नाशीच्या दोन बायका शाळेतल्या मुलींसारख्या एकसारख्या कपड्यांत गंजगोलाईत भाजी घ्यायला निघाल्या की लोक वळून बघायचे. आणि आणखी एक गोष्ट होती, जी बघून मी पहिल्यांदा चकित झाले. घराबाहेर पडलं की अक्कासुद्धा पाय ओढायच्या. घरात ठणठणीत चालणारी बाई, पण रस्त्यावर तंगीमावशींच्या शेजारी आली की तिचाही डावा पाय मागे राहायचा. मला वाटलं या बहिणीची नक्कल करतात की काय. एकदा भाजीची पिशवी धरायला मी बरोबर होते, तेव्हा धीर करून विचारलं. अक्का सहज म्हणाल्या, "एकटीच लंगडत असली की समदे तिलाच बघत्यात. दोघी असलो की बघणारा इचार करत बसतो."

पण अक्कांची खरी ओळख म्हणजे गुरुवार.

गुरुवारी संध्याकाळी जेवणं झाली की सगळ्यांनी पुढच्या खोलीत यायचं. तिथे एक टीव्ही होता. त्याच्यावर क्रोशाचं आच्छादन घातलेलं असे आणि ते काढलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या बंद टीव्हीशेजारी पाटावर अक्का बसायच्या, समोर भिंतीला टेकून तंगीमावशी, आणि बाजूने आम्ही. मग अक्का त्या जुळ्या बहिणींच्या मालिकेचा एक भाग सांगायच्या. दुसऱ्या दिवशी चाचणी असली तरी सुटका नव्हती. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले, की बाई, बारावीचं वर्ष आहे, एक एक तास मोलाचा आहे. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तेवढ्या तासानं तुमची पोरगी डॉक्टर व्हायची ऱ्हायली, तर मी जबाबदार."

मूळ मालिका फारच थोडे दिवस चालली. आज कुणालाही विचारलं तरी आठवत नाही. मध्यंतरी मी मोबाइलवर शोधून बघितली, तर एक अंधुक फोटो मिळाला आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं की ही कुणाला आठवते का. मुंबईत नोकरीला आलेल्या दोन जुळ्या बहिणी, एकीच्याच भाड्यात एका खोलीत दोघी राहतात आणि घरमालकाला वाटतं एकच भाडेकरू आहे, एवढीच तिची कल्पना. काही आठवड्यांत ती बंद पडली. पण अक्कांच्या तोंडी ती चालूच होती. घरमालकाच्या मुलीचं लग्न असतं आणि दोघी आळीपाळीने पंगतीत जाऊन जेवतात. वाढपी म्हणतो बाई, तुम्ही आत्ताच उठलात ना. शेवटी घरमालकाला काळजी वाटते की हिच्या पोटात जंत झालेत, तो वैद्याला बोलावतो आणि एरंडेल भलतीच बहीण पिते. आम्ही हसून लोळायचो. तंगीमावशी तोंडाला पदर लावून हसायच्या. हळूहळू त्या मालिकेतली मुंबई लातूर होत गेली होती. बहिणी औशाला देवदर्शनाला जायच्या, गंजगोलाईत भांडी घ्यायच्या, आणि रविवारी सुशीला खायच्या.

एका मुद्द्यावर मात्र दोघींचं कधी पटलं नाही. त्या दोन बहिणींचं काम एकाच नटीने केलं होतं, असं अक्का म्हणायच्या. तंगीमावशींना ते मान्य नव्हतं. त्या फार कमी बोलायच्या, दिवसाला चार-सहा वाक्यं, पण हा विषय निघाला की ठाम होऊन सांगायच्या की त्या दोघीच होत्या. एकटीने दोघींचं कसं जमेल? आम्ही विज्ञानाच्या मुली त्यांना कॅमेऱ्याचं समजावून सांगायचो. एकच बाई डावीकडे उभी राहते, मग उजवीकडे, आणि मग दोन्ही चित्रं जोडतात. त्या ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "मग म्हणूनच त्या एकमेकींला हात लावत नव्हत्या का?"

आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात न आलेली ती गोष्ट होती. त्या संध्याकाळनंतर अक्कांच्या मालिकेत दोघी बहिणी सारख्या एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या. एक दुसरीच्या तळपायाला तेल चोळायची. रस्ता ओलांडताना हात धरायच्या.

एका गुरुवारी अक्कांनी दातांच्या डॉक्टरचा भाग पुन्हा सांगितला. त्यांच्या सांगण्यात धाकटी बहीण चुकून खुर्चीत बसत नाही. थोरलीला दुखतंय म्हणून ती स्वतःहून जाऊन बसते आणि दात काढून घेते. हे मी पाहिलेल्या भागापेक्षा वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या करताना अक्का एकट्या होत्या तेव्हा मी विचारलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या की तू बघितलंस तेच खरं.

मग चुलीपुढे बसल्या बसल्या त्यांनी मला सांगितलं. दवाखान्यातून तंगीला घरी आणलं तेव्हा ती बोलत नव्हती. दिलं तर खायची, बसवलं तर बसायची. नाव घेऊन हाक मारली तरी बघायची नाही. पाहुणे यायचे, रडायचे, आणि ही भिंतीकडे बघत राहायची. असे दोन-तीन महिने गेले. एका गुरुवारी पुढच्या खोलीत टीव्ही लावलेला होता आणि अक्का आत स्वयंपाक करत होत्या. बाहेरून हसण्याचा आवाज आला. अक्कांना वाटलं शेजारची कुणी आली असेल. बाहेर येऊन बघतात तर तंगी एकटीच. तो दातवाला भाग चालला होता. "भाकरी करपली बग माझी त्या दिवशी," अक्का म्हणाल्या. "करपू दे म्हणलं."

त्यानंतर प्रत्येक गुरुवारी तंगीमावशी वेळेच्या आधी टीव्हीपुढे येऊन बसायच्या. मग एका गुरुवारी मालिका लागलीच नाही. त्या जागी शेतीचा कार्यक्रम लागला. पुढच्या गुरुवारीही तोच. तंगीमावशी तरीही येऊन बसायच्या, सोयाबीनवरच्या किडीची माहिती बघत राहायच्या. तेव्हा अक्कांनी टीव्हीवर आच्छादन घातलं आणि सांगितलं की आता ती मालिका केबलवर गेली, सोलापूरच्या मामेबहिणीकडे लागते, ती मला कळवते आणि मी तुला सांगते.

"तिला मालूम व्हाया न्हाई पायजे," अक्का मला म्हणाल्या. मी मान हलवली.

दिवाळीनंतर तंगीमावशींच्या जाऊबाई जीपने आल्या. त्या दोघीच त्या घरातून वाचलेल्या बायका. नवीन गाव वसवलं होतं आणि तिथे तंगीमावशींच्या नावावर एक घर होतं. ते बंद होतं. जाऊबाईंचं म्हणणं एवढंच होतं की घर शेजारीच आहे, आता येऊन राहा, आम्ही आहोत. अक्कांनी त्यांना चहा दिला, शेंगाची पोळी दिली, पण बोलणं पुढे जाऊ दिलं नाही. त्यांना त्यात घर लाटण्याचा बेत दिसला. जाऊबाई गेल्यावर त्या दिवसभर भांडी आपटत होत्या. दोन दिवसांनी मी अभ्यास करत बसले होते तेव्हा तंगीमावशी शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी मला विचारलं की औशाहून तिकडे जाणाऱ्या जीपा सकाळी किती वाजता सुटतात.

जाऊबाई आणखी एकदा येऊन गेल्या. या वेळी दोघी जावा मागच्या अंगणात बराच वेळ बसल्या होत्या. मी धुणं वाळत घालत होते. तंगीमावशी इतकं बोलताना मी प्रथमच ऐकलं. अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांच्या हातात न चिरलेली भाजी तशीच होती.

त्याच आठवड्यातली गुरुवारची संध्याकाळ. अक्कांनी नेहमीसारखी सुरुवात केली की आज घरमालक दोघींना एकदम बघतो. तंगीमावशींनी हात वर केला.

"आज मी सांगती," त्या म्हणाल्या.

आम्ही सगळ्या त्यांच्याकडे वळलो. त्यांना गोष्ट सांगण्याची सवय नव्हती. थांबत थांबत सांगत होत्या. धाकट्या बहिणीने एक दिवस आपलं सामान बांधलं. थोरली म्हणाली, कुठं चाललीस? धाकटी म्हणाली, माझ्या घरी.

"असं न्हाई त्यात," अक्का म्हणाल्या.

"त्यात काय बी न्हाई, अक्का. मालिका कवाच बंद पडली."

अक्का टीव्हीच्या आच्छादनाची घडी सरळ करू लागल्या. ती सरळच होती. मग त्यांनी विचारलं, "कवापासून मालूम हाय तुला?"

"पैल्यापासून. त्यातली थोरली तुज्यावानी बोलायली, तवाच."

"मग इतके दिवस ऐकत कामून बसलीस?"

"तू सांगायलीस म्हणून," तंगीमावशी म्हणाल्या. "गुरुवारी तुजं तोंड बरं दिसायचं. बाकी दिवस तू मोरीत नळ सोडून रडायचीस. मला ऐकू येत न्हाई असं वाटायचं तुला."

आम्हा मुलींना उठून जावं की बसावं कळत नव्हतं. अक्का कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या की इथे तुला काय कमी आहे? काय हवं ते सांग, मी करते. तंगीमावशी पाय ओढत त्यांच्यापाशी गेल्या आणि खाली बसल्या.

"काय बी कमी न्हाई. पण हितं माज्या महानंदाचं नाव कुणी घेत न्हाई. तू सवता घेत न्हाईस, अन् ह्या पोरींलाबी दटावून ठिवलंस. ती जाऊ बोलता बोलता म्हणती, नंदाला शेंगाची पोळी लई आवडायची. शाळेतून आली की तशीच चुलीपाशी यायची, दप्तर न काढता. मला ते ऐकायचं हाय. गावात समद्यांला ती म्हाईत हाय. हितं ती झालीच न्हाई असं वाटतंय मला."

त्या घरात आम्ही सगळ्यांनी ते नाव पहिल्यांदा ऐकलं. अक्का उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी उद्याच्या भाकऱ्यांचं पीठ चाळायला घेतलं. पुढे काही गुरुवार गोष्ट झाली नाही. आम्ही मुली सवयीने पुढच्या खोलीत यायचो, थोडा वेळ बसायचो आणि आपापली गाईडं उघडायचो. अक्का मधूनच बाजारात जायच्या आणि एकेक वस्तू घेऊन यायच्या. कढई, परात, सतरंजी, कंदील. मी बघत होते, प्रत्येक वस्तू एकच होती.

शिवरात्रीनंतरच्या एका रविवारी त्या तंगीमावशींना पोचवायला निघाल्या. मला म्हणाल्या, येताना सोबत पाहिजे, चल. मी अभ्यास सोडून गेले. औशापर्यंत बस आणि पुढे जीप. नवीन गाव म्हणजे माळावर आखलेल्या सरळ रांगा, आणि सगळी घरं एका साच्यातली. जीपमधून उतरल्यावर अक्कांनी इकडून तिकडे बघितलं आणि म्हणाल्या की इथे कुणाचं घर कोणतं हे ओळखायचं तरी कसं. तंगीमावशी मात्र थेट चालत गेल्या आणि एका दारापाशी थांबल्या.

अक्कांनी घर तपासायला घेतलं. भिंतींवर तळवे दाबून बघितले, दारं उघडून मिटून बघितली, तंगीमावशींच्या दिराला बोलावून विचारलं की कोपऱ्यांत लोखंड किती घातलंय, वर काय आहे, पाया किती खोल आहे. तो गरीब माणूस शांतपणे उत्तरं देत होता. शेजारपाजारच्या बायका जमल्या. कुणी पाण्याची घागर आणून ठेवली, कुणी चुलीसाठी तुऱ्हाट्या आणल्या. जाऊबाईंनी सगळ्यांना चहा केला. मी दाराशी बसले होते. त्या मला कप देताना थबकल्या आणि तंगीमावशींना म्हणाल्या, "नंदा असती तर हिच्याएवढी झाली असती, नव्हं?"

मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा कप तोंडापाशीच राहिला होता.

तंगीमावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. "हिच्याहून उंच," त्या म्हणाल्या. "बापावर गेली होती ती."

बायकांपैकी एकीने सांगितलं की उंचीमुळे तिला शाळेत सगळ्यांच्या मागे बसवायचे. दुसरी म्हणाली, आवाज केवढा होता, गल्लीच्या टोकाला हाक ऐकू यायची. कुणी रडत नव्हतं. रोजच्या बोलण्यासारखं बोलणं चाललं होतं. अक्कांनी कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं आली की टीव्हीपासून उठायची न्हाई. मी ओरडायची तिला. डोळे फुटतील म्हणायची."

तंगीमावशींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागे बसलो होतो. माझी समजूत होती की अक्का रडतील, म्हणून मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते. त्या रडल्या नाहीत. औसा येईपर्यंत आणि तिथून लातूरपर्यंत त्या मला महानंदाबद्दल सांगत होत्या. तिला सायकल शिकवताना स्वतः कशा पडल्या, तिने एकदा दोन्ही बहिणींना अंधारात ओळखायचं म्हणून हात कसे चाचपून बघितले, आणि नेमकं चुकीचं नाव कसं घेतलं. लातूरला उतरलो तेव्हा त्यांचा घसा बसला होता.

तंगीमावशी गेल्यावर घर मोठं वाटू लागलं. अक्का दर पंधरा दिवसांनी तिकडे जायच्या, पुढे पुढे चार-चार दिवस राहायच्या. त्या नसल्या की आम्ही कच्चीपक्की खिचडी करून खायचो. माझी बारावी झाली. डॉक्टर होण्याइतके मार्क काही पडले नाहीत. मी नांदेडला बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी. केलं आणि तिथेच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायला लागले. आता नांदेडातही दर चौकात क्लासचे फलक आहेत आणि त्यांवर पहिल्या आलेल्या मुलांचे हसरे चेहरे आहेत. लातूरचं ते घर अक्कांनी एका वसतिगृहवाल्याला दिलं. तिथे आता चार मजली इमारत आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही.

पण अक्का कुठे आहेत हे मला माहीत होतं. त्या तंगीमावशींकडे राहायला गेल्या होत्या. कुणाला कुणाची गरज होती ते शेवटी असं निघालं.

चार-पाच वर्षांपूर्वी औशाकडे एका मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. वेळ काढून मी त्या गावाला गेले. गाव ओळखू येत नव्हतं. एकसारख्या घरांना लोकांनी ओसऱ्या काढल्या होत्या, वरती खोल्या चढवल्या होत्या, रंग दिले होते. मला घर शोधावं लागलं नाही. गल्लीत शिरले तोच आवाज आला.

दारात तंगीमावशी उभ्या होत्या, केस पांढरेशुभ्र, कमरेवर हात. समोर बाजेवर अक्का बसल्या होत्या. शेळी कढीपत्त्याच्या झाडाला बांधून ठेवली म्हणून त्यांची खरडपट्टी चालली होती. सांगितलं होतं खुंट्याला बांध, हिने बांधली झाडाला, अख्खं झाड खाऊन टाकलं, आता फोडणीला काय घालू, एक काम धड होत नाही या बाईच्यानं. शेजारची सून ओसरीत तूर निवडत होती, ती मानसुद्धा वर करत नव्हती. तिला हे रोजचं असावं.

अक्कांनी मला ओळखलं. हाताने जवळ बोलावलं आणि बाजेवर जागा करून दिली. तंगीमावशींनी मला बघितलं, माझी खुशाली विचारली, लग्न झालं का, मुलं किती हे सगळं विचारून घेतलं आणि पुन्हा शेळीवर आल्या. अक्का ऐकत होत्या. मी हळूच त्यांच्या कानाशी म्हटलं की अक्का, फार बोलतात तुम्हाला.

"सकाळपासून चालू हाय," अक्का म्हणाल्या. मग बहिणीचा आवाज जरा खाली येऊ लागला तशा त्या माझ्याकडे झुकल्या आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "अन् काल माज्या हातून दूध उतू गेलं, ते तर तिनं तुला सांगितलंच न्हाई."

तंगीमावशींनी पदर खोचला आणि तेही पहिल्यापासून सांगायला घेतलं.